पाव इंचाला एक फूट : शकुंतलेच्या स्टेशनाची प्रतिकृती आधी कागदावर बांधताना

१२ नोव्हेंबर २०२३, लक्ष्मीपूजनाचा दिवस. घरातली सगळी मंडळी रांगोळी आणि फराळात गुंतलेली असताना मी बुटाच्या खोक्याला कात्री लावली आणि मोबाईलवरच्या एका फोटोकडे पाहत आमच्या बाजूच्या बंद पडलेल्या रेल्वे स्टेशनाची प्रतिकृती करायला घेतली. दिवे लागणीच्या वेळेपर्यंत ती संपलीही. दार खिडकीएवढे झाले होते, छप्पर एका अंगाला कलले होते आणि रुळांसाठी ठेवलेल्या जागेत त्या मापाची बैलगाडीसुद्धा मावली नसती. माझ्या मुलीने विचारले, "बाबा, हा गोठा आहे का?" मी ते खोके चुपचाप माळ्यावर टाकले. त्यानंतर साडेनऊ महिन्यांनी जी प्रतिकृती पूर्ण झाली, तिच्यातले जेमतेम तीन महिने कापण्या-चिकटवण्यात गेले. बाकीचा काळ कागदपत्रे, मोजमाप आणि रेखाटने यांत गेला, आणि हे लिखाण प्रामुख्याने त्याच काळाविषयी आहे.

मी दर्यापूर तालुक्यातल्या एका खेड्यात हायस्कुलात मराठी शिकवतो. चित्रकलेशी असलेला माझा संबंध एलिमेंटरीच्या परीक्षेत 'क' श्रेणी मिळाली तेव्हाच संपला होता, त्यामुळे पुढे जे सांगतो आहे ते चित्रकाराचे नाही हे आधीच नोंदवलेले बरे. मूर्तिजापूरहून एका बाजूला यवतमाळ आणि दुसऱ्या बाजूला अचलपूर अशा दोन फाट्यांनी धावणारी शकुंतला आमच्याकडच्या दोन-तीन पिढ्यांची गाडी. वऱ्हाडातला कापूस मूर्तिजापूरच्या मोठ्या लाइनीपर्यंत नेण्यासाठी ती काढली गेली. रुळांमधले अंतर अवघे अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. मँचेस्टरला १९२१ साली बनलेले वाफेचे इंजिन तिच्यावर १५ एप्रिल १९९४पर्यंत चालले आणि मग डिझेलचे आले. अचलपूर फाट्यावरच्या एका लहानशा स्टेशनाची इमारत मी निवडली होती. माझे आजोबा कापूस विकून आलेले पैसे कंबरेला बांधून तिथेच उतरत, एवढेच तिच्या निवडीचे कारण.

पहिला प्रयत्न फसल्यावर वाटले की रेल्वेकडे या इमारतीचा मूळ नकाशा असेलच, तोच मिळवावा. म्हणून माहितीच्या अधिकाराखाली अर्ज केला. इथे एक गोष्ट सांगण्यासारखी आहे : राज्य सरकारच्या कार्यालयांना अर्ज करताना आपण सवयीने दहा रुपयांचे कोर्ट फी तिकीट लावतो, पण रेल्वे केंद्राच्या अखत्यारीत असल्याने तिथे ते चालत नाही, दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते. जवळच्या पोस्टात ती शिल्लक नव्हती, दुसरीकडून आणावी लागली, त्यात चार दिवस गेले. अर्ज ऑनलाइनही करता येतो हे मला अर्ज टाकून आल्यावर समजले. २० नोव्हेंबरला स्पीड पोस्टाने अर्ज गेला. त्यात मी 'स्टेशन इमारतीचा प्लॅन, एलिव्हेशन व सेक्शन यांच्या प्रती' (म्हणजे इमारत वरून, बाजूने आणि उभी कापल्यावर आतून कशी दिसते त्याची चित्रे) असे नेमके लिहिले होते आणि मोठ्या आकाराच्या प्रतींचा प्रत्यक्ष खर्च भरण्याची तयारीही दाखवली होती, कारण पानाला दोन रुपये हा दर ए-थ्री आकारापर्यंतच लागू होतो. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. १८ डिसेंबरला उत्तर आले : सदर अभिलेख या कार्यालयात उपलब्ध नाही. तीस दिवसांत अपील करता आले असते. मी केले नाही, कारण जो कागद नाही तो अपिलाने निर्माण होणार नव्हता. त्याऐवजी २२ डिसेंबरला इमारत बाहेरून मोजण्याची परवानगी मागणारे पत्र संबंधित अधिकाऱ्यांना पाठवले. दोन स्मरणपत्रे आणि एका फेरीनंतर २१ फेब्रुवारी २०२४ला परवानगी हातात आली : केवळ बाहेरून, केवळ दिवसा, कुलूपबंद खोल्यांत प्रवेश नाही, इमारतीला इजा नाही.

ते दोन महिने वाया गेले असे तेव्हा वाटत होते, प्रत्यक्षात त्यांचा उपयोग झाला. वाट पाहताना मी शाळेच्या जुन्या वह्यांच्या कोऱ्या पानांवर काडेपेटीएवढी लहान-लहान रेखाटने करू लागलो. इमारत एकटीच दाखवायची की फलाटासह, कडुनिंब घ्यायचा की नाही, पाहणारा रुळांच्या बाजूने पाहील की रस्त्याच्या, हे प्रश्न त्या चौकोनांमध्ये सुटत गेले. एका चौकोनाला दोन मिनिटे लागत. सुमारे चाळीस चौकोन झाल्यावर ध्यानात आले की माझ्या डोळ्यांसमोरचे चित्र प्रत्येक वेळी तेच आहे : उजवीकडे इमारत, डावीकडे झाड, आणि रूळ पाटाच्या, म्हणजे प्रतिकृतीखालच्या फळीच्या, कडेला समांतर न जाता थोडे तिरपे. ते तिरपेपण कागदावर आले नसते तर मी रूळ सरळच टाकले असते आणि सगळा देखावा पट्टीने आखल्यासारखा दिसला असता.

याच काळात प्रमाण ठरवावे लागले. अमरावतीहून मी तिकोनी स्केल आणली होती (१८० रुपये), तिच्यावर १:५० हे प्रमाण तयारच होते, म्हणून तेच धरून चाललो होतो. रुळांचे अंतर ७६२ भागिले ५०, म्हणजे १५.२४ मिलिमीटर. हा आकडा घेऊन मी गावातल्या सुतारकाकांकडे गेलो, कारण लाकडाच्या बारीक पट्ट्या तेच काढून देणार होते. त्यांनी माझा कागद उलटा-सुलटा करून पाहिला.

"सर, हे मिलिमीटर-बिलिमीटर कायले करता? विंग्रजाच्या जमान्यातली इमारत, ते फुटा-इंचातच बांधेल असन. पाव इंचाले एक फूट धरा. अडीच फुटाचे पाच सूत होते. झालं."

इंचाचे आठ सूत, पाव इंचाचे दोन. अडीच गुणिले दोन, पाच सूत. प्रमाण झाले १:४८. त्या एका वाक्याने माझे पुढचे दोनशे भागाकार वाचले, कारण इमारतीवर जे जे माप मिळाले ते फूट आणि इंचांतच सरळ बसत होते : दीड फुटाची भिंत तीन सूत, चार फुटांचे दार एक इंच. बाजारात मिळणारे साडेसोळा मिलिमीटर अंतराचे तयार रूळही या प्रमाणात जवळपास चालतात, त्यांच्यात आणि पाच सुतांत फरक अर्ध्या मिलिमीटरहून जरासाच जास्त. मला मात्र गाडी चालवायची नव्हती, म्हणून रूळ लाकडाचेच केले. इंग्रजी अमदानीतली एखादी जुनी वास्तू करणार असाल तर प्रमाण निवडण्याआधी ती कोणत्या मापाने बांधली आहे हे पाहा, एवढे आवर्जून सांगेन.

३ मार्च, रविवार. तीस मीटरचा फायबरचा टेप (साडेतीनशे रुपये), एक-एक फुटावर लाल-पांढरे पट्टे रंगवलेला सहा फुटी बांबू, पॅड, पेन्सिल, पाण्याची बाटली आणि टेपचे दुसरे टोक धरायला आठवीतला भाचा. मोजायला सुरुवात करण्याआधी मी इमारतीच्या चारही बाजूंची कच्ची रेखाटने करून नेली होती आणि जिथे-जिथे माप हवे तिथे रिकामी रेघ सोडली होती. हे फार उपयोगी पडले. समोर उभे राहून चित्र काढायला बसलो असतो तर उन्हात ते जमले नसते. आता फक्त रिकाम्या जागा भरायच्या होत्या.

तरी चूक झालीच. मी समोरच्या भिंतीचे तुकडे वेगवेगळे मोजले : कोपऱ्यापासून खिडकी, खिडकीची रुंदी, खिडकीपासून दार, आणि असेच पुढे. घरी येऊन बेरीज केली तर ती ३५ फूट ७ इंच भरली, आणि पूर्ण भिंत सलग मोजली होती ती मात्र बरोबर ३६ फूट होती. प्रत्येक तुकड्यात अर्धा-पाऊण इंच इकडेतिकडे होत गेला आणि पाच इंच हरवले. १० मार्चला पुन्हा जावे लागले. या वेळी टेपचे शून्य एका कोपऱ्यावर धरून ठेवले आणि टेप न उचलता प्रत्येक कडेवरचा आकडा वाचत गेलो. अशाने एखादा आकडा चुकला तरी ती चूक पुढच्या आकड्यांत साठत जात नाही.

उंचीसाठी शिडी नेण्याची परवानगी नव्हती. मागच्या भिंतीचा गिलावा उडाला होता, म्हणून विटा मोजल्या. दहा थरांची उंची ३२ इंच भरली. पागोळीच्या रेषेपर्यंत ४८ थर होते, म्हणजे साधारण १२ फूट १० इंच. एका विटेची उंची मोजून ४८ने गुणू नये, दहा थर एकत्र मोजावेत, म्हणजे मधल्या चुन्याच्या सांध्यांची जाडीही हिशोबात येते. छपराच्या त्रिकोणासाठी भिंतीला बांबू टेकवून शक्य तितके मागे जाऊन फोटो काढले. जवळून काढलेल्या फोटोत वरचा भाग आकसतो आणि पट्टे असमान दिसतात, मग त्या फोटोवरून काढलेले माप भरवशाचे राहत नाही.

त्या दुसऱ्या फेरीतच रेल्वेतून निवृत्त झालेले एक गँगमन काका भेटले. आम्ही काय करतो आहोत हे त्यांनी बराच वेळ लांबून पाहिले आणि मग जवळ येऊन माझ्या चित्रावर बोट ठेवले. "मास्तर, हे खिडकी मंग फोडली हाये. पयले तिकिटाची खिडकी इकडं होती." त्यांनी दाखवले तिथे विटांचा रंग खरोखरच वेगळा होता, एक बुजवलेली चौकट होती आणि तिच्याखाली दगडाचा उंबरठ्यासारखा पुढे आलेला भाग तसाच राहिला होता. मी दोनदा येऊन गेलो, वीस फोटो काढले, पण तो दगड मला दिसला नव्हता. त्याच्या मधोमध एक उथळ खळगा होता, तळहाताएवढा, कडांना खरखरीत आणि आत गुळगुळीत. नाणी सरकवून-सरकवून आणि हात टेकून-टेकून तो झाला असावा. त्या खळग्याचे चित्र मी खाली बसून तीनदा काढले. पहिल्या चित्रात तो वाटीसारखा खोल आला, दुसऱ्यात ओरखड्यासारखा. तिसऱ्या वेळी मी खळगा काढायचा सोडून त्याच्या कडेवर पडलेली सावलीच फक्त काढली आणि तो जमला. पावणेपाच वाजले होते. तीच सावली सकाळी नसती. फोटोतही तो दगड आहे, पण तिथे तो नुसता करडा डाग दिसतो.

पक्क्या आराखड्यांना मार्चच्या मध्यापासून बसलो. दहावीच्या परीक्षेचे पर्यवेक्षण, मग पेपर तपासणी, मग लोकसभेच्या निवडणुकीचे प्रशिक्षण आणि २६ एप्रिलच्या मतदानाची ड्यूटी, यांतून जी रात्र मिळे ती मिळे. इंचाच्या चौकटींचा आलेख कागद कुठे मिळाला नाही, सगळीकडे मिलिमीटरचाच. शेवटी एका कागदावर पाव-पाव इंचाच्या चौकटी हाताने आखल्या आणि त्यावर ट्रेसिंग पेपर ठेवून काढत गेलो. एक चौकट म्हणजे एक फूट, त्यामुळे काढताना पट्टी फारशी लागतच नाही. ३६ बाय १८ फुटांची इमारत कागदावर नऊ बाय साडेचार इंच होते, म्हणजे प्रतिकृतीचे प्रत्यक्ष मापच. प्रतिकृतीच्याच मापात आराखडे काढावेत असे मला वाटते. मोठे काढून नंतर लहान करण्याचा उद्योग केला की प्रत्येक आकडा दोनदा तपासावा लागतो.

एकूण सात तक्ते झाले : प्लॅन, चार बाजू, एक छेद (म्हणजे सेक्शन), आणि शेवटचा सुटे भाग हवेत उडाल्यासारखे वेगवेगळे दाखवणारा. छेद सगळ्यांत कंटाळवाणा वाटला होता, तोच सगळ्यांत कामाचा निघाला. भिंत दीड फूट जाड, म्हणजे प्रतिकृतीत साडेनऊ मिलिमीटर. छेद काढला नसता तर मी एकपदरी पुठ्ठा वापरला असता आणि खिडक्या भिंतीवर रंगवल्यासारख्या दिसल्या असत्या. त्यावरून पाच मिलिमीटरच्या सनबोर्डचे (फोमच्या हलक्या बोर्डचे) दोन पदर घ्यायचे ठरले. पण मग कोपऱ्यांचा प्रश्न आला : चारही भिंती पूर्ण मापाने कापल्या तर इमारत दोन सेंटिमीटरने फुगते. लांब भिंती पूर्ण ठेवून आखूड भिंती दोन्ही बाजूंनी दहा-दहा मिलिमीटर कमी करायच्या, हे सातव्या तक्त्यावर लाल पेनाने लिहिले आणि कोणता तुकडा कितवा चिकटवायचा याचे आकडे टाकले.

आराखडे कापायला वापरायचे म्हणून झेरॉक्स काढून आणल्या, आणि तिथे तीन दिवस आणि एक अख्खा सनबोर्ड वाया गेला. यंत्राने कागदात बसवण्यासाठी चित्र ९७ टक्के केले होते. डोळ्याला काही कळत नाही, पण नऊ इंचांची भिंत दोन सुतांनी कमी भरली आणि पाच सुतांच्या रुळांची पट्टी तिच्या जागेत शिरेना. त्यानंतर प्रत्येक तक्त्याच्या खालच्या कोपऱ्यात पाच इंचांची एक आडवी रेघ काढून ठेवली. झेरॉक्स हातात आली की दुकानातच त्या रेघेला पट्टी लावायची, पैसे मग द्यायचे.

१९ मेला आराखडे संपले आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत, पारा चव्वेचाळीसच्या वर असताना, कच्ची प्रतिकृती केली. तिला वह्यांचे पुठ्ठे आणि ज्वारीच्या धांड्याचा गाभा पुरला. लहानपणी धांड्याच्या बैलगाड्या केलेल्या कोणालाही तो कसा कापावा हे शिकवावे लागत नाही. या कच्च्या प्रतिकृतीने फलाटाचा निकाल लावला. खरा फलाट दोनशे फूट, म्हणजे पन्नास इंच. तेवढा पाट आमच्या दारातून आतही आला नसता. तीस बाय अठरा इंचांचा प्लायवूड धरला आणि फलाट दोन्ही बाजूंनी पाटाच्या कडेला तोडून टाकला, जणू पुढे तो चालूच आहे. कडुनिंब पस्तीस फुटांऐवजी पंचवीस फुटांचा केला, कारण पावणेनऊ इंचांचे झाड इमारतीला झाकून टाकत होते.

१ जूनपासून खरे कापकाम. झेरॉक्स बोर्डवर फेव्हिकॉलने चिकटवली तर कागदाला सुरकुत्या पडतात. पंक्चरवाल्याकडचे सुलोचन (रबर सोल्युशन) पातळ लावले की कागद बसतोही आणि कापून झाल्यावर सोलूनही निघतो. फक्त खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि मुलांना लांब ठेवावे. ९ जूनला छप्पर बसवायला गेलो तर दोन्ही पाखी, म्हणजे छपराच्या उतरत्या बाजू, आढ्यावर एकमेकांना भेटेनात, मध्ये चांगली दीड सेंटिमीटरची फट. मी पाख्यांची रुंदी प्लॅनवरून उचलली होती. वरून पाहताना उतरते छप्पर आखूड दिसते. आढ्यापासून पागोळीपर्यंत आडवे अंतर १० फूट आणि चढ ५ फूट, तेव्हा पाख्याची खरी लांबी दहाचा वर्ग अधिक पाचचा वर्ग, त्याचे वर्गमूळ, म्हणजे ११ फूट २ इंच. एका पाख्यात साडेसात मिलिमीटर कमी. शेजारच्या वर्गात हेच प्रमेय गणिताचे सर गेली वीस वर्षे शिकवत आहेत आणि भिंतीपलीकडून मी ते ऐकत आलो आहे. उतरत्या कोणत्याही पृष्ठभागाचे माप छेदातून घ्यावे.

पाऊस सुरू झाल्यावर बोर्ड सर्द होऊन वाकू लागला, काम आठवड्यातून दोन-तीन रात्रींवर आले. १ जुलैला शाळा उघडली. रंगांसाठी मी स्टेशनवरच रेखाटनांच्या शेजारी रंगीत खडूचे ठिपके घेऊन ठेवले होते, ते आता कामी आले, कारण मोबाईलच्या फोटोंत तीच वीट सकाळी गुलाबी आणि संध्याकाळी तपकिरी दिसत होती. तिकिटाच्या खिडकीखालचा दगड साबूदाण्याच्या दाण्याहून थोडा मोठा झाला. खळगा बोथट खिळ्याने दाबला. माहीत नसेल त्याला तो दिसत नाही. २८ ऑगस्टला काम संपले असे मी धरले. एकूण खर्च २,९४० रुपये, त्यातले सुमारे सहाशे रुपये वाया गेलेल्या बोर्डचे आणि झेरॉक्सचे.

२ सप्टेंबरला, पोळ्याच्या दिवशी, बैल घरी आल्यावर गँगमन काकांना बोलावले. त्यांनी इमारतीकडे पाहिले, तिकिटाच्या खिडकीकडे पाहिले, चष्मा काढून पुसला आणि विचारले, "घंटी कुठी हाये?"

फलाटाच्या छपराला रुळाचा एक तुकडा टांगलेला असे आणि गाडी मागच्या स्टेशनाहून सुटली की तो वाजवत. आता तिथे फक्त त्याची कडी उरली आहे. ती माझ्या तिसऱ्या तक्त्यावर आहे, शेजारी प्रश्नचिन्हासह. काकांनी दोन्ही हात समोर धरून त्याची लांबी दाखवली. मी टेप आणला आणि त्यांच्या तळहातांमधले अंतर मोजले : दीड फूट. तिसऱ्या तक्त्यावरचे प्रश्नचिन्ह खोडून तिथे 'टांगलेला रूळ, १ फूट ६ इंच, काकांच्या हातांवरून' असे लिहिले, आणि दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याच्या संध्याकाळी, तीन सुतांचा एक खिळा कानसून काळ्या दोऱ्याने त्या कडीला बांधला.